मालकाचं नाव

कंपनीने मला सहा आठवड्यांसाठी पाठवलं होतं.
रुस्ताकच्या वर, डोंगराच्या खोबणीत चाळीस घरं,
खजुरीच्या बागा, आणि मधून फलज,
म्हणजे आपला पाटच, फक्त खडकात कोरलेला.
कुणी कोरला विचारलं तर हमूद आजोबा
हात खांद्यावरून मागे फेकतात. खूप मागे.

मी एक्स्चेंजची करडी पेटी गाढवावरून उतरवली
आणि फॉर्म काढला. एक ओळ भरायची होती:
मालकाचं नाव.
ती ओळ चार दिवस कोरी राहिली.

शेखचा मुलगा म्हणाला, लिहा माझं.
कुणी नाही म्हणालं नाही. कॉफी ओतली गेली.
त्याचा पेला कुणी भरेना,
तेव्हा त्याने तो स्वतःच हलवून खाली ठेवला.

हमूद इथले पाटकरी.
अंगणात रोवलेल्या काठीची सावली
कुठल्या दगडावर आली की पाणी कुणाच्या बागेत वळवायचं,
ते त्यांना विचारायचं. रात्री ताऱ्यांवरून.
ते म्हणाले, पाणी कुणाचंच नाही, पाळी ज्याची त्याची.
बाहेर जाणारी तार एकच आहे ना? मग तिचीही पाळी लावू.
घराला अर्धा तास. आजारपण आलं तर सावली थांबते.

मी फॉर्मवर लिहिलं: फलज.
कंपनीने तो तीनदा परत पाठवला.

आमच्या गावी फोन खोतांच्या पडवीत होता,
डायलला पितळी कुलूप.
माझा निरोप ऐकायला आई दोन नारळ घेऊन जायची,
सोललेले,
आणि पायरीवर बसायची, बोलावतील तोवर.
हे मी हमूदना सांगितलं, मोडक्या अरबीत.
त्यांना कुलूप कळलं. पायरी कळली नाही.

पेटीला तीन किल्ल्या.
एक हमूदकडे. एक झुवेनाकडे, जी विधवा,
जिच्या बकऱ्या सगळ्यांची भिंत चढतात
आणि जिचं कुणाशीच पटत नाही,
म्हणूनच, म्हणाले, ती कुणाची बाजू घेणार नाही.
तिसरी त्यांनी माझ्या तळहातावर ठेवली.
मी म्हटलं, मी परका. व्हिसा संपेल, जाईन.
माझा पासपोर्टसुद्धा माझ्याकडे नाही,
तो अरबाबच्या कपाटात, रुस्ताकला.
हमूदनी माझी मूठ मिटली.
जायच्या आधी परत दे, एवढंच.

सहा आठवड्यांची अकरा वर्षं झाली.

ऑगस्टात बॅटऱ्या उकळायच्या. आम्ही त्यांना
खजुरीच्या ओल्या झावळ्या पांघरायचो, बाळंतिणीसारख्या.
झुवेनाची लेक मस्कतला अडली होती त्या रात्री
सहा घरांनी आपापली पाळी तिला दिली.
वहीत मी सहा रेघा मारल्या. हिशोब मिटवायला
सकाळी कुणी आलं नाही.
दुपारी झुवेना आली, भांडायला:
सहाच का लिहिल्या, सातवी नासिरची होती.

मग तो पूर आला, वादीला, एका तासात,
दोन खांब गेले आणि पेटीत गाळ.
मी दात घासायच्या ब्रशने एकेक पट्टी पुसली.
खाली रस्ता नव्हता, वर चाळीस घरं
आपापला मुका फोन घेऊन बसलेली.
तिसऱ्या रात्री दिवे लागले, हिरवे.
मी सगळ्या ओळी एकत्र जोडल्या, फक्त तपासायला,
आणि रिसीव्हर कानाला लावला.

श्वास. नुसते श्वास, चाळीस घरांचे,
कुठे मूल, कुठे बकरी, कुणीच आधी बोलेना.
मग हमूदचा आवाज, तार कुरकुरत: कोण आहे?

माझं नाव अनंत. इथे कुणाच्या जिभेवर बसलं नाही,
पहिल्याच आठवड्यात त्याचं अंतर झालं.
मी म्हटलं, अंतर बोलतोय.
कुठून तरी झुवेना ओरडली,
मग एवढ्या हळू का बोलतोस,
इथेच तर आहेस.